सासूबाईंच्या गाडीचं सील

माझ्या सासूबाईंचे दोन्ही गुडघे गेले, तेव्हा त्या हातपाय गाळून बसल्या नाहीत. त्या एटीव्ही चालवायला शिकल्या.

ही चार जाड चाकांची, मोटारसायकलसारखं हँडल असलेली गाडी माझ्या नवऱ्याने एका बंद पडलेल्या करमणूक-बागेतून जुनी घेतली होती. केळीच्या दोन ओळींमधून ट्रॅक्टर जात नाही. तिथून ही जाईल, मागे लहान ट्रॉली लावून घड बाहेर काढता येतील, असा त्याचा बेत. पण आठवडाभरात गाडी सासूबाईंची झाली. पदर कमरेला खोचायचा, काठी हँडलला आडवी बांधायची आणि सकाळीच निघायचं. ठिबकची नळी कुठे फुटली, कोणत्या ओळीत पाणी पोचलं नाही, कोण बिडी ओढत बसलंय, सगळं बघून अकराला परत.

आमचं शेत मध्य प्रदेशात, बुऱ्हाणपूरहून चांदनीकडे जाताना लागतं. मी रोज सकाळी स्कूटरवर लोधीपुऱ्यातल्या शाळेत जाते आणि मुलांना हिंदीतून विज्ञान शिकवते. गाडीशी माझा संबंध एवढाच, की शेडमधून कपडे वाळत घालायला जाताना तिला वळसा घालावा लागे.

गेल्या हिवाळ्यात एक दिवस सासूबाई म्हणाल्या, "ही गाडी हिरवं पाणी सांडून राह्यली."

कुणी फारसं मनावर घेतलं नाही. नवरा रोज सकाळी रेडिएटरमध्ये तांब्याभर पाणी ओतायचा, आणि गाडी जायची. मग एका सकाळी ती शेताच्या पार टोकाला, नाल्याच्या बाजूला, वाफा सोडत बंद पडली. फोनला रेंज नाही. सासूबाई तासभर तिथेच बसून राहिल्या. शेवटी मजुरांनी त्यांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत केळीच्या पानांवर बसवून घरी आणलं. त्या उतरल्या आणि सरळ आत गेल्या.

पुढचे चार दिवस ओट्यावर खुर्ची टाकून शेतातून येणाऱ्या प्रत्येकाला त्या प्रश्न विचारत राहिल्या. पाचव्या दिवशी त्यांनी काहीच विचारलं नाही, आणि तेव्हा मला भीती वाटली.

गावातला मिस्त्री येऊन गेला. इंजिनात पाणी फिरवणाऱ्या पंपाखाली हात घालून त्याने काहीतरी चोपडलं. "हो गया. इसका पार्ट तो मिलता नहीं, मैडम. जब तक चले चलाओ, फिर कबाड़ में दे दो." गळती खरंच थांबली. पण माझं समाधान होईना. गळकी वस्तू बाहेरून चोपडून बरी होते, हे मी वर्गात कधी शिकवलं नव्हतं.

शाळेला सुट्टी होती. मी जुनी चादर अंथरून गाडीखाली आडवी झाले. पंपाच्या पोटाशी एक बारीक भोक होतं आणि त्यात खिडकीच्या काचेला लावतात तसल्या राखाडी लांबीचा गोळा दाबला होता. फोनवर व्हिडिओ शोधले, दोन-तीन पाहिले आणि उठून बसले. ते भोक बिघाडाचं नव्हतंच. ते मुद्दाम ठेवलेलं असतं. पंपाच्या दांड्यावर दोन सील असतात. एक पाणी अडवतं, दुसरं इंजिनचं तेल. दोघांच्या मधून हे भोक खाली उतरतं. पाण्याचं सील गेलं, की पाणी तिथून बाहेर येतं. मालकाला कळावं आणि पाणी तेलात शिरू नये, म्हणून. आमच्या मिस्त्रीने नेमकं तेच बुजवलं होतं.

दाभणाने मी तो गोळा कोरून काढला. हिरवं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत आलं. मग तेलाची पट्टी ओढून पाहिली. तेल काळं होतं, पण स्वच्छ. पाणी शिरून दुधाळ झालेलं नव्हतं.

नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "मी भंगारवाल्याशी बोललोय. रविवारी येतोय तो."

"तोवर मी बघते."

"तुला जमणार आहे का हे?"

"माहीत नाही. पाने कुठे ठेवलेत?"

तो हसला नाही, एवढं मात्र त्याच्या बाजूने सांगायला हवं. पान्यांची पेटी आणून दिली आणि कापणीवाल्यांकडे निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेतून आले तर सासूबाई शेडमध्ये खुर्ची टाकून आधीच बसलेल्या. मांडीवर परात.

"आई, तुम्ही कशाला?"

"बोल्ट कोण सांभाळीन? तू एक काढशीन अन् दोन हरवशीन."

मी कूलंट, म्हणजे ते हिरवं पाणी, तसराळ्यात काढलं, नळ्यांच्या क्लिपा सैल केल्या, पंप उतरवला. निघालेला प्रत्येक बोल्ट त्या पदराने पुसायच्या आणि परातीत जागेवर ठेवायच्या. "हा लांब आहे. खालचा आहे हा." फोनमधला माणूस भलत्याच गाडीचा पंप उघडत होता, त्यामुळे निम्मं त्याचं ऐकलं, निम्मं समोर दिसलं तसं केलं. पंपातला छोटा पंखा निघाला, दांडा निघाला, आणि त्यामागे ते सील. रबर हाडासारखं कडक झालेलं, एका बाजूला नखाएवढी चीर.

"एवढुसं?" सासूबाई म्हणाल्या. "एवढ्याशानं मले ट्रॉलीत घातलं?"

शाळेच्या प्रयोगशाळेतून मी व्हर्नियर कॅलिपर आणला होता. दांड्याची जाडी, सीलचा बाहेरचा व्यास, उंची, सगळं तीन-तीनदा मोजून वहीत लिहिलं. शहरात बेअरिंग आणि मोटारीचं सामान विकणाऱ्या दुकानात गेले. काउंटरवरच्या काकांनी विचारलं, "गाड़ी कौनसी है?"

"गाड़ी मत पूछिए. नाप लिख के लाई हूँ."

त्यांनी वही पाहिली, चष्म्यावरून मला पाहिलं, आणि शिडी लावून वरच्या खणातून एक पुडी काढली. कुठल्यातरी वेगळ्याच यंत्राचं सील होतं ते. मी कॅलिपर लावला. बाहेरून तंतोतंत, आतून तंतोतंत. दुकानात उभी असलेली चार माणसं माझ्याकडे बघत होती आणि मला ते आवडत होतं. सुचलं म्हणून एकाऐवजी दोन घेतली.

तेच कामी आलं. पहिलं सील मी लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीने ठोकायला गेले. ते तिरकं बसलं, कड मुडपली, कामातून गेलं. मी हातोडी फेकली आणि तिथेच फतकल मारून बसले. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते लपवायला हात पण स्वच्छ नव्हते.

सासूबाई म्हणाल्या, "तुझे सासरे विहिरीच्या मोटारीत बुश बसवायचे तं ठोकत नव्हते. लांब बोल्ट घालायचे आरपार. दोन्हीकून वायसर, अन् नट आवळत जायचे. आपसूक ओढल्या जाते आत. मी नट धरायची ना."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. "हे तुम्ही आधी का नाही बोललात?"

"तू शिकेल बाई. मले वाटलं, तुले माहीत असंन."

जुन्या नांगराचा एक लांब बोल्ट सापडला, वायसरही सापडले. सासूबाईंनी एका बाजूने पाना धरला, मी दुसऱ्या बाजूने एकेक चक्कर आवळत गेले. सील सरळ, न कुरकुरता आत गेलं आणि कडेला टेकलं. पान्याला ते टेकणं जाणवलं. सासूबाईंनाही जाणवलं असणार, कारण दोघी एकदमच थांबलो.

मग पंख्यामागची, सीलला टेकून फिरणारी चकती बसवली, तिच्या गुळगुळीत तोंडाला बोट न लावता. नवी रबरी रिंग, बोल्ट परातीतल्या क्रमाने. कूलंट ओतलं, झाकण उघडं ठेवून इंजिन चालू केलं आणि आतली हवा निघावी म्हणून नळी हाताने दाबत राहिले. बुडबुडे येत राहिले, येत राहिले, मग संपले. खाली वर्तमानपत्राचा कागद पसरला. इंजिन तापलं, रेडिएटरचा पंखा फिरायला लागला, तरी कागद कोरडा.

शनिवारी सकाळी पुन्हा पाहिला. कोरडा. मी तो कागद स्वयंपाकघरात नेऊन नवऱ्याच्या चहाच्या कपाखाली ठेवला. त्याला कळायला थोडा वेळ लागला.

रविवारी भंगारवाला खरंच आला. त्याचा टेम्पो फाटकाशी वळत होता, तेवढ्यात शेडमधून गाडी निघाली. सासूबाई ताठ बसलेल्या, पदर खोचलेला, हिरवं लुगडं. त्यांनी टेम्पोच्या नाकासमोर गाडी थांबवली.

"किसको लेने आया, भाई?"

"माँजी, वो एक पुरानी गाड़ी…"

"पुरानी तो मैं हूँ," सासूबाई म्हणाल्या. "मेरे को ले जा."

घड वाहणारे मजूर खांद्यावरच्या केळ्यांसकट हसायला लागले. भंगारवाला पण हसला. नवऱ्याने त्याला ओट्यावर बसवलं, चहा पाजला आणि परत पाठवलं. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "फवारणीचा पंप पण गळतोय. बघतेस?"

"माप लिहून ठेव," मी म्हणाले. "दुपारी बघू."

सासूबाई सगळ्या ओळी फिरून आल्या, पण थांबल्या नाहीत. फाटकातून सरळ बाहेर पडल्या आणि शेतरस्त्याने शेजारच्या वस्तीवर, त्यांच्या नणंदेच्या, म्हणजे आमच्या आत्याबाईंच्या घरी गेल्या. तासाभराने तिकडून फोन आला. आत्याबाई बोलत होत्या, मागे हसण्याचा गलका होता.

"इकडेच जेवून राह्यली ती," आत्याबाई म्हणाल्या. "अन् ऐक, आमच्याकडल्या चार जणी रांगेत उभ्या आहे. म्हणते, एकेकीला चक्कर मारून आणते. थांबवू का?"

"नका थांबवू," मी म्हणाले, आणि बेसनाने हातावरचं काळं ग्रीस घासत बसले.