हळदीच्या अंगाचं रक्त

आसामच्या जंगलातून सुट्टीवर आलेल्या जवानांच्या रक्तात, गोळ्या खाऊनही हिवतापाचे जंतू उरतात का, हे शोधायला सत्तरच्या दशकात लष्करी डॉक्टरांचं एक पथक सातारा-सांगलीकडच्या गावांतून हिंडत होतं. मी त्या पथकात मदतनीस होतो. बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरायचा, एवढंच माझं काम.

उंब्रजजवळच्या एका गावात माझा शाळेपासूनचा मित्र लग्नासाठी सुट्टीवर आला होता. आम्ही पोचलो तेव्हा त्याला हळद लागलेली. डॉक्टर जीपपाशी थांबले, मला आत पाठवलं. दारातच मित्राची आई आडवी आली.

"हळदीच्या अंगाचं रगत काडू न्हाई रं लेकरा. दुसरं कायबी कर."

तिच्या हातचं खाऊन मी वाढलो होतो. तिथेच पडवीत मी माझ्याच बोटाला सुई टोचली आणि ती काचपट्टी मित्राची म्हणून डॉक्टरांना दिली. तिनं माझं बोट पदरानं पुसलं.

रक्तात काही नाही, असा निरोप गावात आला. लग्न झालं. नवरीनं उंबरठा ओलांडला आणि लगोलग नवरा हुडहुडी भरून पडला. औषधानं तो बरा झाला, पलटणीत परतला. बोलणी खायला ती एकटी मागे राहिली. लग्नाआधी डॉक्टरांनी तपासलं तेव्हा रक्त चांगलं होतं, म्हणजे हीव हिनंच आणलं. भावकीनं, त्यातही नणंदेनं, तिला पांढऱ्या पायाची ठरवून टाकलं.

खरं सांगून टाकतो, असं मी मित्राच्या आईला म्हणालो.

"नगं. तुजी नोकरी जाईल."

मला तेच ऐकायचं होतं.

पुढे त्या घरातल्या एकाही लग्नात पहिली हळद लावायला मित्राच्या बायकोला कुणी बोलावलं नाही. लांब उभी राहून ती पाहुण्यांना पाणी द्यायची. मीही तिच्या हातचं पाणी पिऊन यायचो.

यंदा नातवाच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला मित्र आणि त्याची बायको घरी आली, तेव्हा मी सगळं सांगितलं. मित्राची बायको हसली.

"म्हंजी भावजी, माज्या पायापरास तुमचं बोटच वंगाळ निगालं की!" मग डोळे टिपत म्हणाली, "पर मला सांगून काय? माजं पाय मला ठावं हुतं. मांडवात सांगा. नणंदबाईंच्या म्होरं."

हळदीला मी गेलो. सगळ्यांसमोर, अडखळत, जमेल तसं सांगितलं. हळदीची वाटी तिच्या नणंदेच्या हातात होती.

"आवं, येवढी वर्सं जीभ कुटं ठिवल्ती?" नणंद म्हणाली. मग तिनं वाटी भावजयीपुढे धरली. "घे वैनी. पयली तू लाव."

नातवाला हळद लावून ती वाटी घेऊनच माझ्याकडे आली.

"कंचं बोट हुतं, भावजी?"

मी डावा हात पुढे केला. तिनं त्या बोटाला हळद लावली, चांगली जाडसर, जखमेवर लावतात तशी.