सहा वाजल्यानंतरची अकरा मिनिटं

झुल्मा इतुराल्देइतकी हट्टी बाई मी संसदेच्या नोकरीत दुसरी पाहिली नाही, आणि इतकी कमी बोलणारीही. दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं कागदावर उतरवायचं, म्हणजे आपलं आपण जपून वापरावं, असं तिचं म्हणणं. आम्हा दोघांची निवृत्ती आता वर्षावर आली आहे, म्हणून तिच्याविषयी लिहून ठेवतो. ती स्वतः लिहिणार नाही.

ती उत्तरेतल्या ताक्वारेम्बो गावची, रेल्वेतल्या तारमास्तराची मुलगी. एकोणिसाव्या वर्षी मावशीकडे राजधानीत, मोंतेविदेओला आली, दिवसा टोप्यांच्या दुकानात उभी राहू लागली आणि संध्याकाळी वाणिज्य शाळेत येऊ लागली. तिथे आम्ही एका वर्गात होतो. मला इंग्रजी व्यापारी पत्रव्यवहार आवडायचा, तिला लघुलिपी. पुढे संसदेच्या परीक्षेला दोनशे जण बसले, सहा घेतले. ती पहिली आली, मी सहावा. पस्तीस वर्षं झाली तरी हा क्रम ती अधूनमधून मला ऐकवते.

आमच्या कामाची पद्धत सोपी आहे. पाच मिनिटांची एक पाळी. एक जण लिहीत असताना दुसरा शेजारी येऊन बसतो, पेन टेकवतो, मग पहिला उठतो आणि आपली पाच मिनिटं टंकायला जातो. टंकलेली पानं माझ्याकडे तपासायला येतात. नियम एकच, आणि तो आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात: अध्यक्षांचा हातोडा पडेपर्यंत पेन उचलायचं नाही. सभासद भांडोत, दिवे जावोत, कोणी भोवळ येऊन पडो. अशा वेळी लिहायचं की अमुक सभासद पडले, आणि पुढे चालू.

अठ्ठ्याण्णव साली मोंतेविदेओत जागतिकीकरणावर तीन दिवसांची परिषद भरली. समुद्राकाठच्या एका मोठ्या हॉटेलात चाळीस-बेचाळीस देशांची माणसं आली. पहिल्या दिवशी राष्ट्राध्यक्ष, दुसऱ्या दिवशी मंत्री, आणि शेवटच्या दुपारी ज्यांच्यासाठी जागा उरली नव्हती ते. इतिवृत्तासाठी आम्ही आठ जण उसने दिले गेलो. या परिषदेच्या नियमावलीत एक कलम होतं, ते मी दोनदा वाचलं होतं. सत्र चालू असताना सभागृहात विचारलेला प्रत्येक प्रश्न इतिवृत्तात यायला हवा, आणि इतिवृत्तातल्या प्रत्येक प्रश्नाला परिषदेच्या कार्यालयाने नव्वद दिवसांत लेखी उत्तर द्यायला हवं. प्रत्येकाला बोलायला सात मिनिटं होती. राष्ट्राध्यक्षांनी ती चाळीस-चाळीस मिनिटं वापरली, आणि सगळा उशीर घरंगळत शेवटच्या दुपारी येऊन पडला.

यादीत शेवटचं नाव कथबर्ट फॉन्टेनेल यांचं होतं. कॅरिबियनमधल्या एका छोट्या बेटाच्या शेती खात्याचे सचिव, आधीचे शाळामास्तर. बेटावर केळी पिकतात, दुसरं फारसं काही नाही. ते पाच पंचावन्नला बोलायला उभे राहिले. दुभाष्यांची वेळ सहापर्यंत. ती परदेशी मंडळी घड्याळाला फार पक्की. सहाच्या ठोक्याला त्यांच्या काचेच्या खोल्यांतले दिवे गेले. ध्वनिमुद्रणवाल्याने त्याच वेळी आपलं यंत्र बंद केलं. इंग्रजी इतिवृत्ताच्या दोघी तर साडेपाचलाच विमानतळाकडे निघाल्या होत्या. बाहेर तीन बस उभ्या होत्या, कारण शहराबाहेरच्या एका मळ्यावर पाहुण्यांसाठी आसादोचा बेत होता आणि मांस दुपारपासून निखाऱ्यांवर चढलेलं होतं. अध्यक्षांनी हात हलवून फॉन्टेनेलना 'चालू द्या' अशी खूण केली, शेजारच्याच्या कानात काही सांगितलं आणि ते उठून गेले. मागोमाग सभागृह उठलं.

झुल्माची पाळी तेव्हाच सुरू झाली होती. कानाला लावलेल्या यंत्रातून स्पॅनिश यायचं थांबलं, तसं तिने ते काढून ठेवलं आणि समोरचं ऐकू येत होतं ते लिहायला लागली. समोरून येत होतं इंग्रजी. झुल्माला इंग्रजीत 'गुड मॉर्निंग' आणि 'थँक यू' येतं.

पाच मिनिटांनी आमची इर्मा तिला सोडवायला गेली आणि रिकाम्या खुर्च्या बघून परत माझ्या खोलीत आली.

"झुल्मा बसलीय तिथेच," ती म्हणाली. "मी म्हटलं, बाई, संपलं, चल. तर डोळे वटारले माझ्यावर."

"कोण बोलतंय?"

"बेटवाला. वेटरांना भाषण देतोय बिचारा."

मी दाराशी पोचलो तेव्हा फॉन्टेनेल कागद घडी घालून खिशात ठेवून नुसतेच बोलत होते; तिथून मला शब्द लागत नव्हते. ते थांबले, खुर्च्यांना मान झुकवून निघून गेले. झुल्माने वेळ लिहिली: सहा वाजून अकरा मिनिटं. मग पेन तसंच हातात धरून बसून राहिली. हातोडा मेजावर पडून होता, त्याला कोणी हात लावला नव्हता. शेवटी वेटरांनी दिवे मालवायला घेतले, तेव्हा तिने लिहिलं की सत्र तहकूब केल्याचं कोणी सांगितलं नाही, आणि वही मिटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला इतिवृत्त छापखान्यात जायचं होतं. सकाळी आठला मिल्टन बेरुत्ती हातात माते, म्हणजे आमच्याकडच्या कडू हिरव्या चहाचा पेला आणि काखेत थर्मास घेऊन माझ्या खोलीत आला. हा परिषदेचा सचिव, आपल्याच परराष्ट्र खात्यातला, वाईट माणूस नव्हे. त्याला फक्त सगळं बारापूर्वी गुंडाळलेलं हवं होतं. सत्र सहाला संपलं असं लिहा, म्हणाला.

माझ्या मेजाशी बसलेल्या झुल्माने विचारलं, "संपवलं कोणी?"

"अगं, दुभाषे गेले, अध्यक्ष गेले, माणसं गेली. याला संपणं नाही म्हणत तर काय म्हणतात तुमच्या ताक्वारेम्बोत?"

"आमच्या ताक्वारेम्बोत गाडी स्टेशनात आल्याशिवाय आली म्हणत नाहीत."

बेरुत्तीने माझ्याकडे पाहिलं. मी नियमावली उघडून कलम पुढे केलं. सत्र हातोड्याने उघडतं आणि हातोड्याने मिटतं. अध्यक्ष नसतील तर सचिव मिटवतो. म्हणजे कागदोपत्री कालचं सत्र अजून चालूच होतं. तो कपाळाला हात लावून बसला. मग उठला, थर्मास तसाच काखेत, आणि सभागृहात गेला. तिथे कामगार खुर्च्या एकावर एक रचत होते. त्यांच्यासमोर त्याने हातोडा आपटला. परत आला तेव्हा मी लिहिलं: सत्र आठ वाजून बावीस मिनिटांनी संपलं. आपण काय कबूल करून बसलो, हे त्याला ती ओळ वाचून कळलं.

पण तोही कच्चा नव्हता. म्हणाला, ठीक आहे, सत्र चालू होतं. पण या बाईला इंग्रजी येत नाही. तिने लिहिलं ते काय, भाषण की चिमण्यांचे पाय? मी ते छापू कसं?

त्याचा मुद्दा खरा होता. लघुलिपीत अक्षरं नसतात, आवाज असतात, पण ते आपल्या भाषेचे. झुल्माचं वेगळं होतं, आणि त्याचं कारण फक्त आम्हा जुन्यांना ठाऊक होतं. लष्कराने संसद बंद केली तेव्हा आम्हा लघुलेखकांना इथेतिथे फेकलं होतं. झुल्मा बारा वर्षं टपालाच्या पार्सलांवर शिक्के मारत होती. हाताची सवय मोडू नये म्हणून ती रोज संध्याकाळी रेडिओ लावून लिहायची. आधी फुटबॉलचं समालोचन, कारण त्याहून भरभर या देशात कोणी बोलत नाही. ते सोपं वाटू लागल्यावर परदेशी केंद्रं: जर्मन, अरबी, काय लागेल ते. अर्थ कळत नाही, म्हणून हात चुकायला मोकळीक नाही, असं तिचं तर्कशास्त्र. स्पॅनिशमध्ये नसलेल्या आवाजांसाठी तिने स्वतःच्या खुणा बनवल्या होत्या. पंच्याऐंशी साली संसद उघडली तेव्हा बाकीच्यांना हात बसायला सहा महिने लागले. ती पहिल्या दिवशी बसली.

मी फॉन्टेनेलना न्याहारीवरून बोलावून आणलं. उंच, सडपातळ, इस्त्रीचा एकच सूट असलेले गृहस्थ. माझ्या छातीवरचा नावाचा बिल्ला वाचून ते दचकले.

"वॉशिंग्टन? म्हणजे तुम्ही अमेरिकनांकडचे?"

मी म्हटलं, "नाही हो, वडिलांची हौस. धाकटा भाऊ लिंकन आहे, तो बस चालवतो."

ते हसले आणि बसले. झुल्माने वही उघडली आणि वाचायला लागली. पहिलं मिनिटभर वाटलं, कोणी पोत्यातून खडे ओततंय. मला माझ्या पत्रव्यवहाराच्या इंग्रजीत एक शब्द ओळखीचा लागेना. बेरुत्तीने माते सुरकन ओढला आणि माझ्याकडे 'सांगितलं नव्हतं?' असं पाहिलं. फॉन्टेनेलही हसू दाबत होते. मग एका वाक्याला त्यांचं हसू थांबलं. ते पुढे झुकले आणि झुल्माच्या मागोमाग पुटपुटू लागले, मग तिच्याबरोबर, आणि थोड्या वेळाने ती जिथे श्वास घेई तिथे तेही घेऊ लागले. तिने त्यांचे थांबेसुद्धा लिहिले होते. ती वाचत होती, ते सावकाश म्हणत होते, मी टंकत होतो. मधे एका जागी ती स्पॅनिशमध्ये म्हणाली, "इथे कपबशा फुटल्या." ते म्हणाले की हो, फुटल्या होत्या.

प्रश्न चौथ्या पानावर आला. आमच्या केळ्यांचा परदेशातला राखीव बाजार ज्या तारखेला बंद होणार, ती तारीख कोणत्या बैठकीत ठरली, आणि त्या बैठकीला आमच्यापैकी कोणाला का बोलावलं नाही? हे त्यांनी कागदावरून वाचलं होतं, आणि यालाच उत्तर मिळायला हवं होतं.

पण कागद खिशात ठेवल्यावर ते आणखी बोलले होते. झुल्मा वाचत गेली आणि त्यांनी म्हणायचं सोडलं. तिचं वाचन एकटंच पुढे गेलं. मला एव्हाना तिचं इंग्रजी कळू लागलं होतं. त्यात होतं: ही तारीख आमच्या सरकारला दोन वर्षांपासून माहीत आहे. निवडणूक होईपर्यंत शेतकऱ्यांना सांगायची नाही असं एका खोलीत ठरलं. त्या खोलीत मीही होतो.

मग फॉन्टेनेल माझ्याकडे वळून म्हणाले, "एवढं काढा. बाकी सगळं ठेवा. मला वाटलं होतं, कोणी ऐकत नाहीये."

मी ते झुल्माला सांगितलं. ती म्हणाली, "नाही."

"बाई, हे छापून आलं तर माझी नोकरी जाईल."

"त्यांना सांग, भाषा दुरुस्त करता येते. मजकूर नाही. पंधरा राष्ट्राध्यक्ष आले, त्यांच्यासाठी काढलं नाही."

बेरुत्ती पुढे सरसावला. इतक्या वेळाने त्याला दार सापडलं होतं. प्रतिनिधीच नको म्हणत असतील तर सहाला संपलं असं धरू, त्याने फॉन्टेनेलना अदबीने समजावलं. आठ बावीसची ओळ काढता येईल. कोणाचं काही बिघडणार नाही. मीही, खरं सांगतो, झुल्माला बाजूला घेतलं. म्हटलं, तीन वाक्यांचा प्रश्न आहे, माणसाच्या पोटावर कशाला पाय देतेस?

"तीन काढली तर उरलेल्यांवर कोण विश्वास ठेवेल?" ती म्हणाली. "इंग्रजी न येणाऱ्या बाईचे कागद आहेत हे, वॉशिंग्टन. सगळे खरे असले तरच खरे."

हे मी फॉन्टेनेलना जसंच्या तसं सांगितलं. ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. खाली समुद्राकाठच्या रस्त्यावर, रांब्लावर, वारा सुटला होता आणि लोक टोप्या धरून चालले होते. साडेदहा झाले होते, त्यांची विमानतळाची गाडी अकराला होती. पानांवर प्रतिनिधीची सही लागते. सही नाही, तर छपाई नाही, आणि मग प्रश्नाला उत्तरही नाही. झुल्माने त्यांच्याकडे बघितलंही नाही. ती आपल्या खुणा पुन्हा पानांशी ताडून बघत होती आणि एका जागी तिने मला चुकलेला स्वल्पविराम दाखवला.

फॉन्टेनेल परत आले आणि मला म्हणाले, "शाळेत असताना मी पोरांना एक सांगायचो, की उत्तर हवं असेल तर आधी प्रश्न पुरा विचारा." त्यांनी नऊही पानांवर सह्या केल्या. शेवटच्या पानावर पेन थांबलं, मग तिथेही केली. जाताना त्यांनी झुल्माशी हात मिळवला. ती म्हणाली, "थँक यू." तिच्याकडे दुसरं होतंच काय.

बेरुत्तीने बाराला सात मिनिटं असताना गठ्ठा छापखान्यात पाठवला. फुटलेल्या कपबशांसकट.

उत्तर शहाऐंशीव्या दिवशी आलं. दोन पानं. तारखेवर फेरविचार होईल, त्यासाठी बसणाऱ्या समितीत केळी पिकवणाऱ्या बेटांचा एक माणूस असेल. एवढंच, पण लेखी. त्याच पाकिटात बेटाच्या सरकारचं एक पत्र होतं, की आमचे नवे सचिव अमुक अमुक आहेत, यापुढचा पत्रव्यवहार त्यांच्याशी करावा. फॉन्टेनेलना डोंगरातल्या एका शाळेवर पाठवल्याचं मला नंतर कळलं.

दोन्ही मी झुल्माला वाचून दाखवली. तिने पत्राची घडी दोनदा उघडली, दोनदा मिटली.

"सही करा असं मी त्यांना म्हटलं नव्हतं," ती म्हणाली.

"नव्हतं म्हटलंस."

"त्यांनी विचारलं असतं, तर मी करा म्हणाले असते."

मग तिने पेनात शाई भरली. तीनला तिची पाळी होती, आणि खालच्या सभागृहात मासेमारीच्या विधेयकावर बोलायला एकवीस जणांनी नावं दिली होती.