बाबांसाठी निवडलेल्या मारामाऱ्या

आमच्या ऑफिसात लोक दोन कामांसाठी माझ्याकडे येतात. प्रिंटर अडकला की, आणि काय बघू हे कळेनासं झालं की. प्रिंटरचं मला फारसं कळत नाही. पण जपानी अ‍ॅनिमेतल्या मारामाऱ्यांवर मी, वय वर्षं सेहेचाळीस, विचारणाऱ्याची चहाची सुट्टी संपली तरी बोलू शकतो. माझ्या बायकोच्या मते हा माझा एकमेव अधिकृत विषय आहे आणि त्यात पेन्शन नाही.

या विषयातले माझे नियम कडक होते. पहिला, हिंदी डब बघणं पाप. जपानी आवाज आणि खाली सबटायटल, बस. दुसरा, फिलर वगळायचे. मूळ चित्रकथा पुढे सरकेपर्यंत वेळ काढायला मालिकेत मधेच घुसडलेले, कथेशी काही देणंघेणं नसलेले भाग म्हणजे फिलर. कुठला एपिसोड फिलर आहे याची यादी मी लोकांना न मागता पाठवत असे. आणि तिसरा, कुणी ‘मोठ्यांसाठी काहीतरी सांग’ म्हणाला, तर रक्ताच्या चिळकांड्यांवर जायचं नाही. ज्या मालिकेत खलनायकाचं म्हणणं ऐकून आपण दोन मिनिटं गप्प बसतो, ती मोठ्यांची. बाकी सगळी मुलांची, कितीही मुंडकी उडोत.

यातले पहिले दोन नियम गेल्या वर्षी माझ्या वडिलांनी मोडायला लावले.

बाबा त्र्याहत्तर वर्षांचे. आधी गिरणीत, गिरणी बंद पडल्यावर घाटकोपरला एका कारखान्यात, आणि निवृत्त झाल्यावर आईला घेऊन मालवणजवळच्या आमच्या गावी. दोन वर्षांपूर्वी आई गेली. त्यानंतर ते तिथे एकटेच राहत होते. मग छातीत दुखलं, शेजाऱ्यांनी रिक्षात घालून नेलं, आणि शेवटी मुंबईत आणून दोन स्टेंट बसवले. तिथून ते दहिसरला आमच्या घरी आले, अकराव्या मजल्यावर, एक बॅग घेऊन. ती बॅग त्यांनी उघडली, लुंगी काढली, आणि पुन्हा चेन लावून पलंगाशेजारी उभी करून ठेवली. अंघोळीनंतर कपडे बॅगेतून काढायचे, धुऊन वाळले की घडी करून बॅगेतच ठेवायचे. मी कपाटाचा एक खण रिकामा करून दिला होता. त्यात ते फक्त वर्तमानपत्रं ठेवायचे.

“दीड महिन्यान डाक्टर बघतलो मां? मगे मी जातलंय,” असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

गावातून जवळचा दवाखाना चाळीस मिनिटांवर, आणि ती रिक्षा त्या दिवशी मिळाली हे नशीब. पुन्हा मिळेल याची मला खात्री नव्हती. हे मला त्यांना सांगायचं होतं. पण आमच्या घरात बाप-लेक असं काही बोलत नाहीत. आम्ही पाण्याची टाकी, गॅसचं सिलिंडर आणि कोकणच्या रस्त्यांची अवस्था यांवर बोलतो.

एका बुधवारी मी घरूनच काम करत होतो. पाचच्या चहाला लॅपटॉप मिटून टीव्हीवर एक जुनी आवडती मालिका लावली. बाबा आपला कप घेऊन बाहेर आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, “कार्टून बघतस? चेडू बारावीक इला तुझा.”

चेडू म्हणजे माझी मुलगी. पडद्यावर तलवारवाला नायक जखमी होऊन पडला होता आणि समोरचा खलनायक, त्याला मारून टाकायचं सोडून, आपण असे का झालो हे सविस्तर सांगत होता. बहुतेक लोक इथेच हसतात. मारायचं तर मार ना बाबा, भाषण कसलं करतोस. बाबा मात्र कप हातात धरून खुर्चीच्या कडेवर टेकले.

“हो बोलता बरो,” ते खलनायकाकडे बघत म्हणाले.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बाबा मुंबईत असताना दरवर्षी जत्रांच्या दिवसांत रजा टाकून गावी जायचे आणि गावच्या हौशी मंडळात दशावतारात काम करायचे. देव नाही, राजा नाही. तीस वर्षं राक्षसच. दशावतारात लिहिलेले संवाद नसतात. कथा काय आहे एवढं आधी सांगतात, बाकी जो तो रंगमंचावर आपल्या हिमतीवर बोलतो. आणि राक्षस लढायच्या आधी बोलला नाही तर लोक त्याला राक्षस मानत नाहीत. मी वीस वर्षं ज्या गोष्टीवर ऑफिसात भाषणं ठोकत होतो, ती माझ्या घरातच कोपऱ्यात बसून चहा पीत होती.

ती मालिका बारा भागांची. रोज चहासोबत तीन, असे चार दिवसांत संपवली. हिंदी डब लावून बघितला, कारण इंग्रजी सबटायटल वाचायला त्यांना वेळ लागायचा. पण राक्षसाचा हिंदी आवाज ऐकून ते म्हणाले, “हेका घोटभर पाणी देवा. दंतमंजन इकता काय?” मग मूळ जपानी आवाज ठेवून मी शेजारी बसून मराठीत सांगू लागलो. तेही त्यांना पसंत पडेना. मी ‘तुला सोडणार नाही’ असं म्हणालो की ते हात उडवायचे. “असो बोलता राक्षस? ‘तुझ्या हाडांची झांज वाजवीन’ म्हण!” माझी मुलगी आतून ओरडायची, “आजोबा, डायलॉग झकास! पप्पा, तुम्ही नुसतं रिमोट धरा!”

बारावा भाग संपला तसे बाबा उठले. “संपला मां? बरा झाला. येत्या आयतवारचा तिकीट बघ. डाक्टरक मी फोनवर सांगान.”

“बाबा, दुसरा सीझन आहे,” मी म्हणालो.

ते पुन्हा बसले.

माणसाला नाटक अर्धवट टाकून जाता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. मग मी कामाला लागलो. बायको म्हणाली, “लोक आईबापांना गोडीगुलाबीने ठेवून घेतात. हा रिमोटने कैद करतोय.” मी लक्ष दिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच शिफारस चुकून चालणार नव्हती.

तोवर मी मालिकांची तुलना नेहमीच्या मापांनी करत आलो होतो: चित्रं कशी, लढाई किती गतिमान, शेवट फसलाय का. आता मापच बदललं. यंत्रमानवांच्या युद्धाची एक मालिका मला फार थोर वाटते. ती दोन भागांत गेली. “पत्र्याक पत्रो आपटता. तोंड खंय दिसता ह्येंचा?” भुतं मारणाऱ्या पोरांची एक, जिची चित्रं बघून ऑफिसातली पोरं वेडी होतात, ती त्यांनी आठ भाग सहन केली. “चांगला आसा. पण हो पोरगो कित्या सारखो रडता?” एका नायकाची तलवार त्याच्यापेक्षा मोठी होती. त्यावर त्यांनी फक्त “उचलतलो कसो?” एवढंच विचारलं, आणि खरं सांगतो, वीस वर्षांत मला हा प्रश्न पडला नव्हता.

शिवाय ‘मोठ्यांसाठी’ या शब्दात आणखी एक अडचण असते. सुडाची एक अप्रतिम मालिका मी मोठ्या हौसेने लावली आणि तिसऱ्या भागात कारण नसताना गरम पाण्याच्या कुंडातला प्रसंग आला. मी रिमोटवर झडप घातली. बाबा शांतपणे म्हणाले, “बस खाली. साडी नेसलेल्या बाप्यांबरोबर तीस वर्सां काम केलंय मी.” त्यानंतर मी प्रत्येक भाग आधी एकट्याने बघून ठेवू लागलो. वडिलांसोबत बघता येणाऱ्या प्रौढ मालिका असा एक वेगळाच प्रकार असतो आणि त्याची यादी फार छोटी आहे.

यादी संपत आली. डॉक्टरांची तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, सगळं छान आहे, फक्त एकटे राहू नका. बाबांना त्यातलं ‘छान आहे’ तेवढं ऐकू आलं. घरी येऊन त्यांनी बॅगेचं एक तुटकं बक्कल दोऱ्याने बांधलं.

त्या संध्याकाळी मी सगळ्यात लांब मालिका काढली. तीनशेच्या वर भाग. समुराई, गावंच्या गावं जळतात, आणि राक्षस इतके की प्रत्येकाला स्वतःचं दुःख. आणि मी, फिलरविरोधी चळवळीचा अध्वर्यू, एकही फिलर न वगळता ती लावली. नायक मासे पकडायला गेला, तो भाग दाखवला. गावात नूडल्सची स्पर्धा लागली, तो दाखवला. मुलगी कपाळावर हात मारून घ्यायची. “यार पप्पा, हा तर जगातला सगळ्यात बकवास एपिसोड आहे! तुम्हीच मला स्किप करायला लावला होता ना?” मी तिला डोळ्यांनी दटावायचो.

नूडल्सच्या तिसऱ्या भागात बाबांनी हात वर करून मला थांबवलं. मी टीव्ही थांबवला.

“ह्या उगाच घातलेला आसा,” ते म्हणाले. “राजपार्ट अजून पोचाक नाय, म्हणान ह्येंका नाचूक लावल्यानी.”

त्यांनी मग एक जुनी गोष्ट सांगितली. एका जत्रेत राजाचं काम करणाऱ्याची गाडी घाटात बंद पडली. नाटक सुरू झालेलं. मंडळाच्या प्रमुखाने पडद्याआडून खूण केली, लांबव. बाबांनी राक्षस होऊन एकट्याने दोन तास लांबवलं. पाताळाचं वर्णन केलं, स्वतःच्या आईची आठवण काढली, पखवाजवाल्याशी भांडण उकरून काढलं. एक माणूस उठून गेला नाही.

“लांबवूक हरकत नाय,” ते म्हणाले. “पण बरा लांबवूचा. आणि तू माका लांबवतस, ता माका पयल्या आठवड्यात कळलेला. माका थांबवचा आसात तर तोंडान सांग. कार्टुनाक कित्या मधी घालतस?”

चोरी पकडली गेली की माझे कान लाल होतात, अजूनही. मुलगी मोबाइलमध्ये डोकं घालून बसली. आत बायकोने मिक्सर बंद केला, म्हणजे तीही ऐकत होती.

“गावी एकटे राहू नका बाबा,” मी म्हणालो. “मला भीती वाटते. फोन वाजला की आधी गावचा नंबर आहे का ते बघतो.”

एवढंच. सेहेचाळीस वर्षांत त्यांच्याशी बोललेलं सगळ्यात लांब वाक्य नव्हतं ते, पण सगळ्यात जड होतं. त्यांनी चष्मा काढला, लुंगीच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. “ह्या संपांदे,” ते म्हणाले, “मगे बघूया. आणि ते खाणावळीचे भाग गाळ.”

मी फिलर वगळले. कबूल केल्यावर दुसरं काय करणार? तीनशेचे दोनशे झाले आणि दिवस भराभर संपू लागले. रोज तीन भाग, सोम ते रवि. मी ऑफिसला गेलो की अंधेरीहून धावतपळत सातपर्यंत पोचायचो आणि चहाची वेळ सातला सरकायची. कथा रंगात आली होती. सगळे राक्षस एकेक करून आपापलं म्हणणं मांडून मरत होते आणि मला मात्र चांगलं चाललंय याचंच वाईट वाटायचं. मी भाग मोजायचो. वीस राहिले. अकरा राहिले. बॅग होती तिथेच उभी होती.

शेवटचे चार राहिले त्या दिवशी आम्ही एकच भाग बघितला. बाबा म्हणाले, डोळे दुखतात. तो एक भाग मात्र त्यांनी असा बघितला की विचारू नका. मुख्य राक्षसाचं मोठं भाषण होतं. माझं मराठी त्यांनी दोनदा अडवून दुरुस्त केलं, एकदा तर उभे राहून, हात उंचावून, ते वाक्य स्वतःच म्हणून दाखवलं. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी दुसऱ्या दिवशी विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना?

दुसऱ्या दिवशी पाचला मी चहा आणला आणि पुढचा भाग लावायला घेतला. आता तीन राहिले होते.

“थांब,” बाबा म्हणाले. ते खिडकीकडे बघत होते, माझ्याकडे नाही. “कालचो भाग मी बघूक नाय. माका निज लागलेली. परत लाव.”

मी त्यांच्याकडे बघितलं. मग कालचाच भाग पहिल्यापासून लावला, आणि या वेळी संवाद जरा सावकाश सांगितले.