दानियलकाकांनी सांगितलेला आकडा

“आवाज नाय, धूर नाय. मेलीबिली नाय ना ती?” दुकानाच्या पायरीवर बसलेल्या ट्रॅक्टरवाल्याने विचारलं.

“जेवत्येय,” आतून उत्तर आलं. “जेवताना कुनी बोलतं काय?”

ती म्हणजे एक स्कूटर, अजून माझी न झालेली. भिंतीवरच्या चार्जरची वायर तिच्या सीटखाली गेली होती. उत्तर देणारे दानियलकाका, रोह्यातले बॅटरीवाले, दुसऱ्याच कुठल्या तरी बॅटरीवर वाकून तिच्यातलं पाणी बघत होते. मी बाबांच्या मागे उभी होते. मला हसू आलं होतं, पण अनोळखी माणसाच्या बोलण्यावर उघड हसायची मला सवय नव्हती.

नव्वदीचं दशक अर्धं सरलं होतं. बॅटरीवर चालणारी दुचाकी रोह्यात कुणी पाहिली नव्हती. पेणच्या एका दुकानदाराने अशा दोन मागवल्या, आणि त्यातली एक दानियलकाकांच्या हवाली केली. बॅटरीचं काही बिघडलं तर या भागात तेच एक नाव होतं. ट्रकवाले, मंडपवाले, खाडीतले होडीवाले, सगळे त्यांच्याकडे यायचे.

मला नुकतीच धाटावच्या एका कंपनीत, प्रयोगशाळेत, नोकरी लागली होती. आम्ही वरसेला राहायचो. कंपनीची बस शिफ्टवाल्यांच्या वेळा पाळायची, माझी वेळ जनरल. सहा सीटर रिक्षात नऊ माणसांत अंग चोरून बसणं मला जमत नव्हतं, गिअरच्या गाडीची भीती वाटायची. बाबांनी ही गाडी घेऊन द्यायचं कबूल केलं, पण अट घालून. “सांभाळता आली नाही तर नोकरी सोडायची. पेणचं स्थळ आपल्यासाठी थांबलंय.” दुकानात काकांसमोरही ते हेच म्हणाले. रागाने म्हणाले नव्हते, म्हणून ते खरं करतील याची मला खात्री होती.

दानियलकाका अंगाने काटकुळे. ॲसिडने त्यांच्या प्रत्येक सदऱ्याला बारीक भोकं पडलेली असायची. शनिवारी त्यांचं दुकान बंद. त्यांचं घराणं ज्यू, कित्येक पिढ्या इथलंच. नातलगांची बाकीची घरं एकेक करत इस्रायलला गेली आणि काका आणि काकी मागे राहिले होते. एका शनिवारी एक ट्रकवाला घाईत आला, तर ओसरीवरून म्हणाले, “आज बॅटऱ्यांना पन सुट्टी. देवानं घेतली, त्या काय त्याच्यापरीस जास्त कामाच्या?” ट्रकवाला हसला आणि रविवारी आला.

गाडी ताब्यात देताना ते बाबांशी बोललेच नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, “बाय, चालवनार तू, म्हंजे आयकायचं पन तू. बॅटरीला उपाशी मारायचं नाय. ती आतून सुकते, वरून काय कळत नाय. कंपनीचं पुस्तक चाळीस किलोमीटर म्हनतं. त्याचं नको आयकू. येकोनतीस. त्याच्या आत चार्जिंगला लाव.”

मी मान हलवली आणि पर्समधल्या वहीत लिहिलं: ३९. पुस्तकापेक्षा फक्त एक कमी. किती काटेकोर माणूस, असं मनात आलं.

बाबांची रोह्याला बदली होईपर्यंत माझं सगळं शिक्षण ठाण्याच्या इंग्रजी शाळा-कॉलेजात झालं होतं. घरी मराठी बोलायचो, पण आकडे मी कायम इंग्रजीतच मोजले. कुणी मराठीत आकडा सांगितला की मी अंदाजानेच घ्यायचे, परत विचारायची लाज वाटायची.

ते तीन महिने मात्र फार सुखाचे होते. सकाळी मी निघायचे तेव्हा शेजारच्यांना पत्ताही लागत नसे. गेटवरचा वॉचमन म्हणायचा, “मॅडम, कवा आत गेलात? आमी बघतच बसलो.” जाऊन-येऊन बारा किलोमीटर होत. तीन दिवस चालवायची, वहीत आकडा मांडायची, चौथ्या दिवसाआधी चार्जिंगला लावायची. तिसऱ्या संध्याकाळी गाडी रडतखडत घरी यायची, पण ती रोजच्या उन्हाने दमते अशी मी समजूत करून घेतली होती. रविवारी काका बॅटरीत पाणी भरून द्यायचे. “जेवते ना बरोबर?” ते विचारायचे, आणि मी मान हलवायची.

मग एका संध्याकाळी ती धाटावच्या रस्त्यावरच बंद पडली. ढकलत घरी आणली. दुसऱ्या दिवशी बाबा मला घेऊन दुकानात गेले. पायरीवर तीन-चार गिऱ्हाइकं बसली होती.

“साडेतीन महिने नाही झाले, दानियल. कसल्या बॅटऱ्या दिल्यात?”

काकांनी एकेक झाकण उघडून आत पाहिलं. मग मला विचारलं, “बाय, किती चालवून लावत व्हतीस?”

मी वही पुढे केली. त्यांनी चष्मा लावला. ३६, ३६, ३७, ३६. पानं उलटत ते पहिल्या पानावर आले आणि थांबले.

“ह्यो आकडा कुनाचा?”

“तुमचाच,” मी म्हणाले. “तुम्ही सांगितलेला.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. वही मिटली.

“माल कच्चा निघाला, साहेब. पोरीचं काय चुकलं नाय. बदलून देतो.”

बाबा बाहेर जाऊन पायरीवरच्या लोकांशी बोलू लागले, तेव्हा काकांनी कानामागची पेन्सिल काढली आणि माझ्या ३९खाली २९ लिहिलं. “पेणहून हिला मीच चालवत आनली. इतक्यालाच दमली, मग हाताला धरून रोह्यापत्तूर चालवली. म्हनून आकडा पाठ. तिसाला येक कमी, बाय. येकोनतीस.” मग वही माझ्या हातात देत हळूच म्हणाले, “आता काय बोलू नको. कामाला जा.”

मी काही बोलले नाही. त्या दिवशी नाही आणि पुढे कित्येक महिने नाही. मी रोज कामाला गेले. दानियलकडे कच्चा माल मिळतो, हे बाबांनी पायरीवर सांगितलेलं वाक्य मात्र माझ्याआधी धाटावला पोहोचलं. कंपनीच्या कँटीनमध्ये मी ते दुसऱ्याच माणसाच्या तोंडून ऐकलं. मंडपवाले नागोठण्याला जाऊ लागले. पायरीवर आता कधी कधी कुणीच नसे. काकांनी मला एकदाही काही जाणवू दिलं नाही. रविवारी पाणी भरताना तेच विचारायचे, “जेवते ना?” मला वाटायचं, सांगितलं तर बाबांची अट आहेच. न सांगितलं तर काका काही म्हणणार नाहीतच. दोन्हीत सोपं काय ते मी निवडलं होतं, आणि ते मला माहीत होतं.

पुढच्या वर्षी काका-काकी इस्रायलला, मुलीकडे, कायमचे निघाले. जाण्याआधी घरी मलिदा केला. देवाचे आभार मानायची त्यांची रीत. मोठ्या ताटात गोड पोहे, ओलं खोबरं, वर फळं. प्रार्थना झाल्यावर काकींनी सगळ्यांना वाटलं. आळी झाडून आली होती. बाबाही आले होते.

“काका,” पायरीवरच्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी कुणीतरी म्हणालं, “तिकडं तरी पक्का माल ठेवा बरं का.”

सगळे हसले. बाबाही हसले.

“तिकडं कुठलं दुकान?” काका म्हणाले. “आता नातवंडांना चार्जिंगला लावायचं.” तेही हसत होते, फक्त माझ्याकडे बघायचं टाळत होते. मी गप्प राहावं म्हणूनच ते टाळत होते, हे मला कळलं.

मी ताटली खाली ठेवली.

“बाबा,” मी म्हणाले, “माल कच्चा नव्हता. काकांनी एकोणतीसच सांगितलं होतं. एकोणतीस म्हणजे थर्टी-नाइन असं मी समजले. बॅटऱ्या मी घालवल्या.”