मांडीवरचा हात

उजव्या इंजिनाला आग मीच लावली होती. आग खोटी, सिम्युलेटरमधली. पण त्यानंतर मी जे केलं, ते सांगणं इतकी वर्षं टाळलं. बायकोलाही सांगितलं नाही.

सिम्युलेटर म्हणजे जमिनीवरचं कॉकपिट. हलतं, आवाज करतं, पडत मात्र नाही. मी एका एअरलाइनमध्ये कॅप्टन होतो, नवे पायलट निवडायच्या पॅनेलवर होतो. त्या दिवशी समोर होती प्रज्ञा वानखडे. अकोल्याची, जठारपेठेतली. वडिलांचं सायकलचं दुकान.

विमान नुकतंच उचललं होतं. घंटा वाजली, लाल दिवा लागला. अशा वेळी बहुतेकांचा हात झटकन इंजिन बंद करायला जातो. घाईत आग न लागलेलं, चांगलं इंजिन बंद करणारा उमेदवार मी त्याच सकाळी पाहिला होता. हिने पायाने रडरचं पेडल दाबून विमान सरळ धरलं आणि मोकळा हात मांडीवर ठेवला.

घंटा वाजत होती. विमान चढत होतं. हात मांडीवरच. पुरेशी उंची आल्यावर तिने शेजारच्या पायलटला विचारलं, "उजवं. बरोबर?" तो हो म्हणाला. मग बंद केलं.

मी मागे पेन धरून नुसता बसलो होतो. इतकं शांत काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "सर, तुमी अमरावतीचे ना? बोलण्यावरून वाटलं."

"प्लीज वेट आउटसाइड," मी म्हणालो.

मग फाइल उघडली. बीएस्सी थर्ड क्लास, फिजिक्समध्ये दोनदा नापास. आमचा कटऑफ साठ टक्के, पण मार्क आम्ही सिम्युलेटरनंतरच तपासत असू.

"तुम्ही शिफारस केलीत तर सूट देता येईल," एचआरचे साहेब हसत म्हणाले. "तुमच्याच गावाकडची दिसते."

त्या हसण्याने मी बिचकलो. त्या एअरलाइनमध्ये मी आयुष्यभर गावाकडचं 'आमी-तुमी' गिळून बोलत आलो होतो. उद्या म्हणतील, गाववाली घुसवली.

"नियम म्हणजे नियम," मी म्हणालो. नाकारलेल्यांना आम्ही कारण कळवत नसू.

गेल्या हिवाळ्यात अमरावतीकडच्या एका फ्लाइंग स्कूलने मला बोलायला बोलावलं. इन्स्ट्रक्टर प्रज्ञा. ती पोरांना सांगत होती, "इमर्जन्सीत हात चालला पाहिजे. मी सिममध्ये थांबून राहिली, म्हणून कंपनीनं मले घेतलं नाही. या सरायलेच विचारा."

स्वतःचा सर्वांत मोठा गुण ती इतकी वर्षं चूक समजत होती. आता तो पोरांच्याही हातातून काढून घेत होती.

मी तिला बाजूला घेतलं. "थांबणं बरोबर होतं. तसं काम मी पुन्हा पाहिलं नाही."

"मंग काहून नाही घेतलं, सर?"

"मार्क कमी होते."

"मार्क?" ती म्हणाली. "हे तवाच सांगाचं न, सर. मी आजवर हाताले दोष देऊन राहिली."

ती तशीच वळली. "पोरांहो, मघाशी मी चूक सांगितलं. पयले विमान सरळ. मोकळा हात मांडीवर." आवाज सिम्युलेटरमधल्याइतकाच शांत. मी पुन्हा थक्क झालो.

मार्क बघावेत. अर्जांचा ढीग कमी करायला ते बरे. पण हात पाहिल्यावरही मार्कच बघायचे असतील, तर सिम्युलेटरवर वीज कशाला जाळायची?

मात्र मार्क हे अर्धंच कारण होतं. उरलेलं सांगून माफी मागायला मी तोंड उघडलं.

"सर, तुमीच दाखवा न या पोरायले," ती म्हणाली आणि खुर्ची पुढे सरकवली.

मी बसलो. मोकळा हात मांडीवर ठेवला. पोरं बघत होती. उरलेलं अर्धं कारण तिला अजून सांगितलेलं नाही.