माळ्यावरच्या कॉम्प्युटरने दिलेली फाइल

अगं ए, ये अशी जवळ बस. लांबून काय वाचतेस... आणि तो दुसरा फोन ठेव बाजूला! "काकू, तुमचा काही अनुभव असेल तर लिहा ना" म्हणून मागे कोण लागलं होतं? तूच ना? आणि मी लिहायला बसले तर तुझा पत्ता नाही. या सदरातल्या बाकीच्यांनाही सांगते, अर्धं वाचून "फेक आहे" असं खाली लिहायचं असेल तर आत्ताच उठा. मी रागावणार नाही. पण उठा.

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. आमच्या आळीत कुणाला चिंचेखाली बाई दिसायची, कुणाला पांढरं कुत्रं. मला मेलीला कधी काही दिसलं नाही. आणि ज्या बाईने सातवीनंतर शाळा सोडून, साठीच्या आसपास आपला आपण कॉम्प्युटर शिकून घेतला, ती भुताला घाबरेल होय? कॉम्प्युटर मला कुणी शिकवला नाही. सूनबाईच्या मागे स्टूल टाकून बसायची आणि ती जेवायला उठली की बटणं दाबून बघायची. पुष्कळ वेळा बिघडवला. पण शिकले.

तर आम्ही राहायला मोशीला आणि आमची शेड भोसरीला, एमआयडीसीत. लहानशीच आहे. एक वायरकट मशीन, एक ड्रिल, एक ग्राइंडर. वायरकट म्हणजे बारीक तार असते, ती जाड लोखंडातून फिरते आणि हवा तो आकार कापून काढते. तारेने कुठे फिरायचं ते कॉम्प्युटर सांगतो. आधी हे सगळं आमचे हे बघायचे. त्यांचे गुडघे गेले तसं सूनबाईने, वैशालीने, हातात घेतलं. मुलगा चाकणला कंपनीत शिफ्टमध्ये, त्याला वेळ नाही.

माझ्या धाकट्या दिरांना हे पसंत नव्हतं. शेडवर त्यांचंही नाव आहे ना. "वहिनी, बाईमाणसाने कशाला तेलात हात घालायचे? गोडाऊन म्हणून भाड्याने देऊन टाकू, निवांत." शेवटी घरात असं ठरलं की वैशालीला चाकणच्या एका पार्टीची ऑर्डर मिळतेय, ती मिळाली तर शेड चालू. नाही मिळाली तर शटर खाली. त्या पार्टीला दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नमुन्याचा पीस दाखवायचा होता. पोरगी त्या पीसच्या मागे इतकी लागली होती की जेवताना ताटातल्या भाकरीवर बोटाने आकार काढायची.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या शेडमध्ये मशिनींची पूजा असते. झेंडूच्या माळा, हळदकुंकू, नारळ, पेढे. आता चालू मशिनीला कुंकू लावत नाहीत, हे इथल्या लहान पोरालाही माहीत. मेन स्विच खाली ओढायचा, सगळं शांत झालं की मग पूजा. वैशालीने घाईत तसाच मेन ओढला. कॉम्प्युटर आत चालू होता, तो स्वतःची डिस्क तपासत बसलेला. त्याला रीतसर बंद करायचं राहूनच गेलं.

आमचा ऑपरेटर सोपान, बीडकडचा, काळेवाडीत राहतो. त्याला मी म्हटलं, "माळ्यावरच्या जुन्या कॉम्प्युटरलाही बोट लाव कुंकवाचं."

तो वर बघून हसला. "काकू, आता भंगाराला बी कुकू?"

"भंगार तुझा बाप. याने आमचं घर चालवलंय."

"बरं बरं," म्हणाला आणि शिडी लावून चढला. हा जुना कॉम्प्युटर म्हणजे खालच्याचा जुळा भाऊच. दोन्ही एकाच वेळी घेतलेले, आत तेच जुनं विंडोज. एक बंद पडला म्हणून माळ्यावर गेला, इतकंच मला ठाऊक होतं.

दसऱ्याला सकाळी वैशाली, मी आणि सोपान शेडवर आलो. नारळ फोडला, मेन वर केला. मशीन चालू झालं. कॉम्प्युटर... काळा पडदा आणि वर पांढरी अक्षरं. अमुक फाइल मिसिंग ऑर करप्ट. फाइल हरवली आहे किंवा खराब झाली आहे, म्हणून मी सुरू होऊ शकत नाही.

पुन्हा चालू केला. तेच. वैशाली मेन स्विचकडे बघायला लागली.

"आई, मीच केलं हे. मीच मेन ओढला."

"अगं, सगळेच ओढतात."

"सगळ्यांचा पीस उद्या नाही ना!"

ड्रॉइंग तिने पेनड्राइव्हवर ठेवलं होतं, ते शाबूत होतं. पण ड्रॉइंगचा मशीनला कळेल असा प्रोग्राम करणारं सॉफ्टवेअर त्या एकाच कॉम्प्युटरमध्ये. देणारा माणूस धंदा गुंडाळून कधीच निघून गेलेला. रिपेअरवाल्याला फोन केला, तो म्हणाला फॉरमॅट मारावं लागेल. फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणं. सॉफ्टवेअर गेलंच की मग! दुसऱ्या कुणाच्या वायरकटवर कापून घ्यावं, तर दसरा. सगळ्या शेडना कुलपं, माणसं गावाला.

मग माझ्या भाच्याला व्हिडिओ कॉल लावला. निखिल, पिंपळे सौदागरला असतो, आयटीत आहे. सणाला सासुरवाडीला कोल्हापूरला गेलेला. मागे जिलब्यांचं ताट दिसत होतं.

"मावशी, घाबरू नका. एकच फाइल गेलीय. पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर तात्पुरता जागा करता येतो, मग चांगली फाइल त्या जागी ठेवायची. पण फाइल अगदी तशाच जुन्या विंडोजमधली पाहिजे. लॅपटॉपमधली चालणार नाही. आणि नेटवरून कुठलीतरी उचलू नका हं, व्हायरस घुसेल."

मी वर माळ्याकडे बघितलं. सोपानने माझ्याकडे बघितलं.

"काकू... त्यो चालू व्हतोय व्हय?"

"काढ तर खरं."

सोपानने तो खाली आणला. वरची धूळ आणि कालचं कुंकू तसंच. खालच्याचाच मॉनिटर आणि कीबोर्ड त्याला जोडला. वैशाली टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तिच्या लॅपटॉपवर निखिल सांगेल तसा पेनड्राइव्ह तयार करत होती. बटण मी दाबलं. मनात काही मंत्रबिंत्र नाही, खरंच सांगते. मनात होतं, शॉक बसू नये.

पंखा खरखरला. पडदा काळा. मग निळा झाला... आणि पूर्ण उघडला की! समोर आमचा जुना फोटो. शेडच्या पूजेचा, हे तरुण, माझ्या कडेवर पोरगा. कितीतरी वर्षांत मी तो पाहिला नव्हता.

"अरे, चालू झाला की!" निखिल तिकडून ओरडला. मी फोन पडद्यासमोर धरलेला, त्यालाही फोटो दिसला. "मावशी, काका काय हिरो दिसतायत!"

"नंतर बघ काकांना. फाइल कुठे असते ते बोल."

त्याने सांगितलं तसं मी एकेक फोल्डर उघडत गेले. फाइल तिथे होती. दुसरा रिकामा पेनड्राइव्ह लावला, फाइल त्यावर घेतली, काढला. मग कॉम्प्युटर नीट, रीतसर बंद केला. चूक पुन्हा नको.

वैशालीने ती फाइल खालच्या कॉम्प्युटरमध्ये घातली. सुरू केला. झाला सुरू! सॉफ्टवेअर जागेवर, सगळं जागेवर. पोरगी खुर्चीत बसून रडली आणि रडता रडताच प्रोग्राम करायला लागली. सोपान आपट्याची पानं घेऊन उभा. "वहिनी, आधी सोनं घ्या, मग रडा." संध्याकाळपर्यंत पीस कापून झाला. दुसऱ्या दिवशी ती चाकणला गेली आणि येताना ऑर्डर घेऊनच आली. दीर म्हणाले, "बघू किती दिवस टिकतंय." पण पेढा घेतला हं त्यांनी. दोन घेतले.

आता इथपर्यंत अमानवीय काय, असं म्हणशील. मलाही काही वाटलं नव्हतं.

रविवारी निखिल शेडवर आला. म्हणाला, जुन्या कॉम्प्युटरच्या डिस्कची एक कॉपी करून ठेवतो, पुन्हा अडचण नको. स्क्रू काढून त्याने झाकण उघडलं आणि मला हाक मारली.

"मावशी, डिस्क कोणी काढली?"

"कोणी नाही. त्या दिवसापासून याला हातच लावलेला नाही."

विंडोज, फाइली, फोटो सगळं ज्या डिस्कवर असतं, तिचीच जागा रिकामी. नुसत्या वायरी लोंबत होत्या आणि त्या रिकाम्या खणात कोळ्याने जाळं केलेलं, जुनं, धुळीने राखाडी झालेलं. झाकणाचे स्क्रू तर इतके गंजलेले की एक तुटलाच काढताना.

आमचे हे तोवर गावाहून देवीचे घट उठवून आले होते. ते दारातूनच म्हणाले, "त्याची डिस्क? ती मी कधीच काढली. माळ्यावर टाकायच्या आधी." आणि टेबलावरून एक चपटी डबी उचलून निखिलच्या हातात दिली. अगं, तीच डबी, जिच्यावर मी रोज चहाचा कप ठेवते! मला वाटायचं मशीनचा काहीतरी भाग. मधोमध आरपार भोक. "आपली सगळी कागदपत्रं होती आत, कुणाच्या हाती लागायला नको म्हणून ड्रिल मारलं."

निखिलने तर्क लढवला, पेनड्राइव्हवरून चालू झाला असेल. पण तो पेनड्राइव्ह वैशालीच्या लॅपटॉपला होता, आणि पेनड्राइव्हवर आमचा फोटो कुठून येणार? फोटो तर त्याने स्वतः पाहिलेला. त्याने कॉम्प्युटर पुन्हा चालू करून बघितला. एक बीप, आणि डिस्क सापडत नाही असा निरोप. परत परत तेच. नंतर तो कधी चालू झाला नाही.

सोपान म्हणतो, काकूंनी कुकू लावायला लावलं म्हणून पावला. मला नाही पटत. खालच्याची पूजा तर हार घालून, पेढा ठेवून केली होती, मग तो का बंद पडला? निखिल म्हणतो विचार करून सांगतो. अजून विचारच करतोय.

मला राहून राहून वेगळंच वाटतं. शेजारणीने डब्यातून काही पाठवलं तर आपण डबा रिकामा परत करत नाही, निदान मूठभर साखर घालतो. इथे आमची अख्खी शेड वाचली, पोरीचं नाव राहिलं, आणि आभार मानायचे तर कुणाचे तेच कळत नाही. देवाचे? त्या पत्र्याच्या खोक्याचे? म्हणून मी मनाशी ठरवलंय, शेडवर जो येईल त्याला पोटभर खाऊ घातल्याशिवाय सोडायचं नाही. कुणाचं देणं आहे ते माहीत नाही, तर सगळ्यांनाच देऊन टाकावं.

तेव्हा ये गं. गुरुवार तेवढा सोड, गुरुवारी आमच्याकडे सुट्टी असते. थालीपीठ करून आणीन, वर लोण्याचा गोळा. लवकर ये, आणि वैशालीचं मशीन चालू असेल अशा वेळी ये... तो आवाज तुला ऐकवायचाय.