बिनअंगठ्याची जबानी

बीडच्या एका दवाखान्यात बोलण्यातून उपचार करणारा कक्ष आठवड्यातून एकदाच उघडतो, या अन्यायाविरुद्ध तिसरा अर्ज घेऊन मी तेथे गेलो होतो. बाकावर आष्टीकडील एक वृद्ध बाई बसल्या होत्या. तपासणीसाठी डोक्याला लावलेल्या तारांनी विस्कटलेले केस त्या पदराने पुनःपुन्हा झाकत. वर्षभराच्या त्यांच्या उदासपणाला घरचे सोंग म्हणत होते. उपचारांनी मेंदूत काही फरक पडला का, हे सांगणारा आलेख आता येणार होता.

“सहा जबान्या झाल्या माज्या,” त्या म्हणाल्या.

“जबानी नव्हे, बाई. उपचार,” मी दुरुस्ती केली.

“कावून न्हाई? मी बोलते, डॉक्टरीणबाई लिहून घेत्यात, मधी तोडत न्हाईत. अंगठा तेवढा घेत न्हाईत.”

मी अर्जातला ‘उपचार’ हा शब्द पुन्हा तपासला.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई कागद घेऊन आल्या. “आजी, आधीपेक्षा चांगला फरक दिसतोय. लेकाला सांगा, सोंगानं असं होत नसतं.”

बाईंनी त्या रेघांवरून बोट फिरवले. “मंग माजं खरं धरलं म्हना की.”

चाळीस वर्षे कचेऱ्यांशी भांडूनही असा निकाल मी पाहिला नव्हता. न्यायाधीश आल्यावर उभे राहावे तसा मी ताडकन उठलो.